बेलिसारियसचा परमिटवाला

२०१८ साल. मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि तो छत्तीसचा. बोलता बोलता तो उजव्या हाताचं बोट वर करायचा, वर्गात हजेरी द्यावी तसं, आणि म्हणायचा, "समजा, काका..."

एकदा हे 'समजा' सुटलं की कतारमधल्या अल खोरहून निघालेली आमची कंपनीची बस रास लफानच्या गेटात शिरेपर्यंत थांबायचं नाही. पहाटे पावणेपाचची बस. बाकीचे सगळे तोंडावर टॉवेल टाकून घोरतायत, आणि हा माणूस मला रोमच्या एका सेनापतीबद्दल सांगतोय. असा एखादा तुमच्याही कामावर असेल. बारीक, चष्म्याला दोरी, डब्यात रोज तीच बटाट्याची भाजी. साहेबाने काही म्हटलं की "बरं सर". चुकीचं म्हटलं तरी "बरं सर".

तो परमिट ऑफिसात क्लार्क होता. गॅसच्या प्लांटमध्ये परमिटावर शिक्का पडल्याशिवाय कुणी खिळासुद्धा ठोकू शकत नाही. तो शिक्का ह्याच्या हातात. मी स्कॅफोल्डिंगचा फोरमन, म्हणजे मजुरांना चढायला पाइपांचा सांगाडा बांधून देणारा. रोज सकाळी त्याच्या खिडकीशी पहिला मी. त्याने इतिहासात एम.ए. केलं होतं, नाशिकला. इतिहासाला नोकरी मिळाली नाही म्हणून कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि इथे आला. मी सहावीत शाळा सोडली. ते मी लपवत नाही. माझ्या हाताखाली बांधलेलं एकही स्कॅफोल्डिंग एवढ्या वर्षांत हललं नाही, तेही लपवत नाही.

बेलिसारियस कोण हे मला ठाऊक नव्हतं. तुम्हाला नसलं तर लाजू नका. पंधराशे वर्षांपूर्वीचा रोमनांचा सेनापती. तेव्हा रोम शहर त्यांच्या हातून गेलं होतं आणि सम्राट पूर्वेला कॉन्स्टँटिनोपलला बसायचा. ह्या गड्याने इराणची कितीतरी मोठी फौज खंदक खणून थोपवली. आफ्रिका परत घेतली. पाच हजार माणसांनिशी रोम वर्षभर राखलं. शेवटी शत्रूच म्हणाले, बाबा, तूच आमचा राजा हो. हा हो म्हणाला, त्यांच्या शहरात शिरला, आणि ते शहर नेऊन आपल्या सम्राटाच्या पायाशी ठेवलं.

"मग सम्राटानं काय दिलं त्याला?" मी विचारलं.

"संशय घेतला, काका. त्या वेळी साधी मिरवणूकही काढली नाही."

"मग गाढवच म्हनायचा तुझा सेनापती."

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. परमिट द्यायचा, शिक्का मारायचा, पण खिडकीतून मान वर करायचा नाही. तिसऱ्या दिवशी बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला आणि एकदम म्हणाला, "त्याची शेवटची लढाई ऐका. मग गाढव म्हणा."

मग त्याने लढाई सांगितली. बेलिसारियस म्हातारा झालाय, घरी बसवलाय. हूणांची टोळी राजधानीच्या तोंडाशी आली. सम्राटाकडे धड फौज नाही. मग आठवण कुणाची? म्हाताऱ्याची. त्याने आपल्याबरोबर पूर्वी लढलेले तीनशे जुने शिपाई गोळा केले, आसपासचे शेतकरी हाताशी धरले. मैदानभर जागोजाग शेकोट्या पेटवल्या, की शत्रूला वाटावं केवढी फौज आहे. रानात दबा धरून हूणांना असं कापलं की ते पळत सुटले. तो पाठलाग करणार, तेवढ्यात सम्राटाचा निरोप आला: थांब. परत ये. फौज सोड.

"आन् ह्यो परत गेला?"

"गेला. मुकाट्याने."

"वय काय हुतं त्याचं?"

"तुमच्याएवढंच असेल," तो म्हणाला. मग बोट वर गेलं. "आता समजा, काका, तो गेला नसता."

तेव्हा मला कळलं की हा माणूस अकरा वर्षं एक नाटक लिहितोय. रद्द झालेल्या परमिटांच्या पाठकोऱ्या बाजूवर. पुढून बघाल तर 'वेल्डिंग, दुसरा मजला, नामंजूर', आणि मागे रोम. जाडजूड गठ्ठा, फायलीला लावायच्या हिरव्या दोरीने बांधलेला. नाटकात लढाईपर्यंत सगळं खरं. निरोप आल्यावर मात्र त्याचा बेलिसारियस परत जात नाही. तटाखाली उभा राहतो आणि वर बसलेल्या सम्राटाला म्हणतो: राजा, खाली ये. ह्या तीनशे म्हाताऱ्यांची नावं विचार. एकेकाचं. मग फौज सोडतो.

"आसं घडलं न्हाय ना पर?"

"नाही."

"मग खोटं कशाला लिवतोस?"

"जे घडलं त्याला सांभाळायला मोठमोठी पुस्तकं आहेत, काका. जे घडायला हवं होतं त्याला कोण आहे?"

मला ते पटलं नाही. शब्द दिला की दिला, धन्याने बोलावलं की जायचं. मी चाळीस वर्षं तसाच जगलो होतो.

त्या वर्षी दोह्यातल्या आपल्या मराठी मंडळाने वार्षिक कार्यक्रमात त्याला चाळीस मिनिटं दिली. का दिली तर आधीचं विनोदी नाटक बसलं नाही म्हणून. त्याला काही फरक पडत नव्हता. त्याचा करार पुढच्या वर्षी संपणार होता. कंपनी वाढवेल की नाही, कुणाला ठाऊक? नाशिकला परत जाऊन कोण रोमन सेनापती उभा करणार? जे काय व्हायचं ते ह्या एका शुक्रवारी. तो मला हे पुन्हा पुन्हा सांगायचा नाही, पण त्याचा डबा तसाच परत जायला लागला होता.

तालमी दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट वस्तीत, मंडळाच्या सेक्रेटरींच्या घरी. तेलकंपनीत मोठे साहेब, पुण्याचे. बेलिसारियस करणारा एक इंजिनियर होता, छान उंचापुरा. तीन आठवडे उरले असताना त्याची शिफ्ट बदलली. शुक्रवारी ड्युटी. खलास.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये हा माझ्याकडे बघत बसला.

"बघतोस काय?"

"काका, तुम्ही करा."

"आरं, मला वाचता येतं ते बी बोट ठेवून. येडा का खुळा तू?"

"तुम्ही वाचू नका. मी सांगतो, तुम्ही म्हणा."

तर तसं झालं. रोज पहाटे जाताना अर्धा तास, संध्याकाळी येताना अर्धा तास. तो एक वाक्य म्हणायचा, मी ते म्हणायचो. माझा आवाज लहान नाही. पहिल्या आठवड्यात बसमधले शिव्या देत होते. दुसऱ्या आठवड्यात ड्रायव्हर, पठाण माणूस, मी वाक्य विसरलो की आरशातून बघून ओरडायचा, "चचा, आगे बोलो ना! हूण आ गए!"

तालमीला गेलो तर सेक्रेटरींनी माझं पहिलं वाक्य ऐकलं. "म्या आलू राजा, तू बोलीवलंस म्हनून." बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी माण तालुक्यातला, माझी बोली ती माझी बोली.

"अहो, रोमन सेनापती असं बोलेल का?" सेक्रेटरी त्याला म्हणाले.

मला वाटलं आता हा 'बरं सर' म्हणणार. पण तो चष्मा पुसत हळूच म्हणाला, "सर, बेलिसारियस खेड्यातला होता. लांब डोंगराकडचा. राजधानीतले लोक त्यालाही हसत असतील."

तेवढंच बोलला. पण त्या दिवसापासून मी ते नाटक माझं मानलं. शेवट सोडून. शेवटावर आमचं रोज भांडण. मी म्हणायचो, मी जिंकेपर्यंत करतो, त्या पुढचं राजाला उलट बोलायचं दुसऱ्या कुणाकडून करून घे. तो म्हणायचा, सेनापती मध्येच बदलतात का? मी म्हणायचो, राजाने बदललाच की! मग दोघं हसायचो, आणि तिढा तसाच राहायचा.

तीनशे शिपायांसाठी मंडळाने चार माणसं दिली. त्यातली दोन येईनात. मी माझी गँग घेतली. बाराजण. बिहारचे, नेपाळचे, दोन मल्याळी. मराठी एकालाही येत नाही. त्यांना म्हटलं, उभं राहायचं, मी हात केला की एक पाऊल पुढे. यल्ला, म्हणजे चला. डोक्यावर सेफ्टी हेल्मेट, त्यावर लाल पुठ्ठ्याचा तुरा चिकटपट्टीने लावलेला. रंग मी मारू दिला नाही. हेल्मेटला रंग मारला तर ते हेल्मेट बाद.

आणि तट! मंडपवाल्याने शाळेच्या हॉलच्या स्टेजवर प्लायवूडचा तट उभा केला होता, वर सम्राटाची खुर्ची. माझ्या पोरांनी एकदा हलवून बघितला आणि खाली बसले. एकही जण वर पाय ठेवीना. सेक्रेटरी म्हणतात, "अहो, नाटक आहे!" रामअवतार म्हणाला, "साब, टॅग कहाँ है?" आमच्यात तपासून हिरवा टॅग लावल्याशिवाय सांगाड्यावर कुणी चढत नाही; हात-पाय मोडलेले बघितलेत आम्ही. गुरुवारी अर्धी सुट्टी घेऊन दुपारी टेम्पोतून पाइप आणले, क्लॅम्प आणले, चार तासांत असा तट बांधला की खरे हूण आले असते तरी डोकं आपटून गेले असते. मी तपासला, हिरवा टॅग लटकवला, सही केली.

त्याच संध्याकाळी शेवटची तालीम. ती पाहून सेक्रेटरींनी त्याला बाजूला घेतलं. मी जवळच होतो.

"हे बघा, शेवटचा भाग काढून टाका. असं इतिहासात घडलेलं नाही. समोर मुलं असतात, चुकीचं शिकतील. निरोप येतो, सेनापती तलवार देतो, पडदा. शिवाय पुढे लावणी आहे, वेळ नाही."

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. अकरा वर्षं. तो म्हणाला, "बरं सर."

परतीच्या रस्त्याला मला मग राहवलं नाही.

"आकरा वरसं लिवलंस आन् एका 'बरं'मधी दिलंस?"

"बेलिसारियसनेही दिलंच की, काका."

"म्हनून तर तू दुसरं लिवलंस ना!"

त्याने खिडकीबाहेर तोंड केलं. म्हणाला, "तुम्हाला तर तो शेवट नकोच होता. बरं झालं ना तुमचं."

खरंच होतं ते. पण सांगतो, मला बरं वाटलं नाही. एखाद्या माणसाशी तीन आठवडे आपण भांडतो, आणि तिसराच येऊन फुंकर मारून त्याचा दिवा विझवतो. मग माझ्या भांडणाला अर्थ काय राहिला?

शुक्रवारी शाळेचा हॉल भरलेला. पहिल्या रांगेत साहेबलोक, पैठण्या, मागे पोरं. शेवटच्या दोन रांगांत आमच्या बसमधली माणसं आली होती, पठाण ड्रायव्हरसकट. तो गाडी घेऊनच आला होता. पडदा उघडला. तटावर सम्राट, हे एका बँकेतले अकाउंटंट, वजनदार. तटाच्या कोपऱ्यात टॅग काढायला मी विसरलो होतो. कॉन्स्टँटिनोपलच्या तटाला हिरवा टॅग, खाली माझी सही. मागच्या रांगांतून टाळी पडली.

पहिली पाच मिनिटं लोक माझ्या बोलीला हसले. शेकोट्या लागल्या, म्हणजे लाल बल्ब, आणि मी माझ्या बाराजणांना म्हणालो, "गड्यांनो, आपून तीनशे हाय, पर जाळ हजारांचा दिसला पायजे," तेव्हा हसू थांबलं. लढाई झाली. मागून ड्रायव्हर ओरडला, "शाबाश चचा!"

मग निरोप्या आला. सम्राटाचा हुकूम वाचला: थांब, फौज सोड, तलवार दे. पुढे हात केला.

मी तलवार उचलली. मला फक्त ती द्यायची होती आणि मान खाली घालायची होती. मान खाली घालायची मला सवय आहे, अवघड नाही. विंगेत बघितलं. सेक्रेटरी हाताने खुणावत होते, द्या, द्या. त्यांच्या मागे तो उभा होता. नाटकाचा गठ्ठा छातीशी धरलेला आणि डोळे मिटलेले. स्वतःच्या नाटकाचा शेवट तो बघत नव्हता.

ते बघितलं आणि माझ्या डोक्यात गेलं.

मी तलवार जमिनीत रोवली. म्हणजे स्टेजवर टेकवली, पण आवाज झाला. आणि जे वाक्य मी तीन आठवडे भांडत भांडत पाठ केलं होतं, ते म्हणालो. "राजा, खाली ये."

सम्राट गडबडला. निरोप्याकडे बघतो, विंगेकडे बघतो.

"तिकडं कुनाकडं बघतूस? तुला बोलतूय म्या. हितं तीनशे म्हातारी मानसं उभी हायती. तुझं शहर ह्यांनी राखलं. खाली ये आन् ह्यांची नावं इचार. मग सोडतू फौज."

अकाउंटंट माणूस चांगला. जुनी तालीम त्याला आठवली. तो उठला आणि शिडीवरून उतरला, शिडीकडे तोंड करून, दोन्ही हातांनी धरून, माझ्या पोरांनी शिकवलं होतं तसा. रोमचा सम्राट. पहिल्या शिपायासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तुझं नाव काय?"

आता पुढे लॅटिन नावं होती. ती माझ्या तोंडात कधी बसलीच नव्हती, आणि त्या क्षणाला तर एकही आठवेना. मी हात केला आणि मला जे नाव ठाऊक होतं ते घेतलं.

"रामअवतार!"

रामअवतारने आपलं नाव ऐकलं आणि एक पाऊल पुढे टाकलं. सेफ्टी बुटाचा आवाज झाला, धप्प.

"बिष्णू!" धप्प. "सलीम!" धप्प. "जोसेफ! टेकबहादूर!"

आधी हॉल हसला. मोठ्याने. पाचव्या नावाला कमी हसला. आठव्या नावाला कुणी हसत नव्हतं. बाराव्याला मागच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या आणि ड्रायव्हर स्वतःचंच नाव ओरडत होता. मग मधल्या रांगा उठल्या. पैठण्याही उठल्या. मी एवढी वर्षं कतारमध्ये राबलो, पण हजारभर हात एका वेळी वाजताना तेव्हाच ऐकले, आणि माझी बारा पोरं तुरे लावून, छाती काढून, काही न समजता समजून उभी होती. लावणी अर्धा तास उशिरा सुरू झाली.

विंगेत गेलो तर तो तसाच उभा. डोळे उघडे होते आता, पण उपयोग नव्हता, चष्म्यामागे सगळं भरलेलं.

"काका," तो म्हणाला, "नावं चुकवलीत तुम्ही."

"बरोबर हुती."

"हो," तो म्हणाला. "बरोबर होती."

तेवढ्यात सेक्रेटरी आले. मला काही म्हणायचं धाडस त्यांना झालं नाही, त्यांनी त्याला धरलं. "समितीने काढलेला भाग तुम्ही घातलात. उद्या मला लेखी द्या, कसं झालं ते. जबाबदारी कुणाची ते."

त्याने मान हलवली. 'बरं सर' म्हणाला की नाही, टाळ्यांत ऐकू आलं नाही.

आता तो इथे नाही. त्याचा करार वाढला नाही, पुढच्या मार्चमध्ये नाशिकला गेला. मी मुलाकडे ओल्ड एअरपोर्टला असतो, त्याच शाळेवरून फिरायला जातो. नातवाला सांगतो की ह्या हॉलमध्ये मी रोमचा सेनापती होतो, तर तो म्हणतो, "Really, Ajoba?" विश्वास ठेवू नकोस म्हणावं, पण आहे खरं. मधूनच त्याचा फोन येतो, तेव्हा आम्ही आधी दहा मिनिटं भांडतो. शब्द मोडावा की नाही ह्यावर. मी अजून माझ्याच बाजूने आहे.

पण तुम्हाला मला नाटकाच्या दुसऱ्या दिवशीची त्याची सकाळ सांगायची आहे. शनिवार, कामाचा दिवस. पावणेपाचची बस आली, तो आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. ड्रायव्हरने पाच मिनिटं गाडी थांबवली, मग निघाला. माझ्या शेजारची जागा रिकामी. मी मनात म्हटलं, घाबरून ताप आला असेल. परमिट ऑफिसच्या खिडकीत दुसराच कुणी. त्याने सांगितलं, "उसने फोन किया. बोला, आज नहीं आऊँगा, काम है. मैनेजर ने पूछा क्या काम है, तो बोला, अपना."

नऊच्या चहाला त्याचा फोन आला. टॅक्सी करून सकाळी सातलाच सेक्रेटरींच्या दारात गेला होता. ते झोपेतून उठून आले, चहा म्हणाले. ह्याने चहा नाही घेतला. टेबलावर दोन कागद ठेवले, दोन्हींवर एकच मजकूर. शेवट माझा आहे, जबाबदारी माझी आहे, ह्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. पुढच्या वर्षी हे नाटक पूर्ण करायचं असेल तर दोन तास लागतील. एक कागद त्यांच्या हातात दिला. दुसऱ्यावर, परमिट ऑफिसातल्या शिरस्त्याप्रमाणे, त्यांच्याकडून तारीख घालून पोचेची सही घेतली, आणि मगच खाली उतरला.